नव्या घराचे पैसे देतं कोण? मुंबईतल्या पुनर्विकासाचं गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या चाळींत एकेका कुटुंबाचा संसार १६० चौरस फुटांच्या खोलीत चालायचा. नवं घर ५०० चौरस फुटांचं आहे आणि त्यासाठी रहिवाशांना किंमत मोजावी लागलेली नाही. बातमी वाचून बोरिवली, मुलुंड, चेंबूरच्या सोसायट्यांमध्ये साहजिकच प्रश्न निघाला: त्यांना तिप्पट घर मिळतं, शेजारच्या सोसायटीला पन्नास टक्के जास्त मिळतं, मग आम्हाला बिल्डर वीसच टक्के का देतोय?

याचं उत्तर बिल्डरच्या स्वभावात शोधलं तर हाती काही लागत नाही. ते एका गणितात आहे. चोवीस घरांची सोसायटी असो नाहीतर २०७ इमारतींच्या बीडीडी चाळी, गणित एकच. सभासदांना ते येत असेल तर समोर आलेली ऑफर खरी किती आणि हवेतली किती, हे त्यांना स्वतःला तपासता येतं.

एफएसआय म्हणजे परातीतली कणीक

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा आकडा. १,००० चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय १ असेल, तर सगळ्या मजल्यांचं मिळून १,००० चौरस मीटर बांधकाम करता येतं.

परातीत कणकेचा एक गोळा आहे असं समजा. त्याच्या चार जाड पोळ्या करा किंवा दहा पातळ, कणीक तेवढीच राहते. एफएसआय म्हणजे ही कणीक. इमारत सात मजली होणार की बावीस मजली, हा पोळ्यांच्या आकाराचा प्रश्न झाला. त्यामुळे ‘टॉवर येणार म्हणजे भरपूर जागा मिळणार’ हा समज चुकीचा आहे. मोकळी जागा जास्त सोडली, खाली पार्किंगचे मजले घेतले, की तेवढ्याच एफएसआयमध्ये इमारत उंच दिसते.

पुनर्विकासात या कणकेचे दोन वाटे होतात. एका वाट्यातून जुन्या सभासदांची घरं होतात. दुसऱ्या वाट्यातली घरं बाजारात विकली जातात आणि सगळ्या प्रकल्पाचा खर्च त्या विक्रीतून निघतो. तुमच्या ‘फुकट’ घराचे पैसे देतो तो त्याच इमारतीत नवा फ्लॅट घेणारा माणूस. बिल्डर फक्त मधल्या काळात पैसे उभे करतो आणि त्याबद्दल नफा घेतो.

जास्तीची कणीक येते कुठून?

मुंबईत सध्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. तिच्यानुसार उपनगरात मूळ एफएसआय १ आहे आणि शहर भागात १.३३. त्यावरचा एफएसआय मुख्यतः दोन वाटांनी येतो.

पहिली वाट प्रीमियमची. सरकार आणि महापालिकेकडे पैसे भरून काही एफएसआय विकत घेता येतो. हा प्रीमियम रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारच्या वार्षिक दरपत्रकातल्या, जमिनीच्या दराच्या पन्नास टक्क्यांनी मोजतात.

दुसरी वाट टीडीआरची, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांची. एखाद्याची जमीन रस्त्यासाठी किंवा बागेसाठी आरक्षित असते. ती त्याने पालिकेला दिली, तर पैशांऐवजी त्याला बांधकामाच्या हक्काचं प्रमाणपत्र मिळू शकतं. तो हक्क तो दुसऱ्याला विकतो. रेशनकार्डावरचा आपला वाटा दुसऱ्याच्या नावे करून द्यावा, तसंच हे. टीडीआरचा भाव बाजार ठरवतो, त्यामुळे तो वरखाली होत राहतो. टेंडर भरताना एक भाव आणि प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी दुसरा, हे नेहमीचंच आहे.

मूळ एफएसआय आणि हे दोन्ही मिळून जे होईल, त्यावर निवासी इमारतीला आणखी ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र मिळतं. जुन्या सभासदांच्या घरांपुरतं ते प्रीमियम न भरता मिळतं, विक्रीच्या घरांसाठी मात्र पैसे भरावे लागतात. ‘पस्तीस टक्के जास्त’ हा आकडा इतक्या ऑफरींमध्ये दिसतो त्याचं मूळ इथे आहे. बिल्डर पस्तीस टक्के देऊ करतो तेव्हा नियमाने सभासदांसाठी मोफत मिळणारं क्षेत्रच तो देत असतो.

जुन्या सोसायट्यांसाठी नियम ३३(७)(ब) मध्ये आणखी एक सवलत आहे. जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल तेवढं क्षेत्र विनाप्रीमियम मिळतं.

रस्त्याची रुंदी

शेजारच्या सोसायटीला जास्त आणि आपल्याला कमी, याचं सर्वात मोठं कारण बहुतेक वेळा फाटकाबाहेरच असतं. एकूण एफएसआय किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. उपनगरात रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय १ वरच थांबतो. ९ ते १२ मीटरला तो २ होतो, १२ ते १८ मीटरला २.२, १८ ते २७ मीटरला २.४ आणि २७ मीटरच्या पुढे २.५.

याला कारणही आहे. अग्निशमन दलाची गाडी आत येऊन वळली पाहिजे, गटाराने आणि जलवाहिनीने वाढलेला भार पेलला पाहिजे. म्हणून कोपऱ्यावरची सोसायटी आणि गल्लीच्या आतली सोसायटी एकाच वर्षी बांधलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या असल्या तरी त्यांच्या ऑफरी वेगळ्या येतात. रस्ता ८.५ मीटरचा आहे की ९.१५ चा, हे आधी तपासा, आणि तेही टेप लावून नव्हे. पालिकेच्या विकास आराखड्याचा शेरा मागवा. बऱ्याच गल्ल्यांमध्ये पालिकेने रुंदीकरणासाठी रस्तारेषा आखलेली असते. पट्टा सोडायची तयारी असेल तर गणित बदलू शकतं.

विमानतळाजवळच्या भागांत आणखी एक अडचण येते. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरच्या काही पट्ट्यांत इमारतीच्या उंचीवर मर्यादा आहे. तिथे एफएसआय कागदावर मिळतो, पण तो रचायला वर जागा नसते. कणीक आहे, तवा लहान आहे.

एक हिशेब मांडून पाहू

उपनगरातली एक सोसायटी घेऊ. प्लॉट १,००० चौरस मीटर, समोर १२ मीटरचा रस्ता. तळमजला अधिक तीन मजले, २४ घरं, प्रत्येक घर ४०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा. खालचे दर हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. तुमच्या भागाचे आकडे घालून हाच हिशेब करता येईल. ३३(७)(ब) ची सवलत सोपेपणासाठी सध्या बाजूला ठेवू.

एफएसआय २.२ म्हणजे २,२०० चौरस मीटर. त्यावर ३५ टक्के फंजिबल धरलं की २,९७० चौरस मीटर. भिंती वगैरे वजा जाता साधारण २,७०० चौरस मीटर कार्पेट उरतं, म्हणजे सुमारे २९,००० चौरस फूट.

जुन्या सभासदांकडे आज एकूण ९,६०० चौरस फूट आहे. ३५ टक्के वाढ दिली तर त्यांना १२,९६० लागतील. विक्रीला उरतात साधारण १६,००० चौरस फूट. चौरस फुटाला २५,००० रुपये भाव धरला तर विक्रीतून ४० कोटी येतील.

आता खर्च. जिने, लॉबी, पार्किंग यांसह प्रत्यक्ष बांधकाम सुमारे ४८,००० चौरस फूट होईल. ४,००० रुपये दराने ते १९.२ कोटी. प्रीमियम, टीडीआर आणि पालिकेचे इतर आकार मिळून ७ कोटी धरू. सभासदांचं भाडं महिना ३०,००० प्रमाणे ३६ महिने, म्हणजे जवळपास २.६ कोटी. कॉर्पस, म्हणजे सभासदाला हाती मिळणारी एकरकमी रक्कम, आणि सामान हलवण्याचा खर्च मिळून घरटी ५ लाख, म्हणजे १.२ कोटी. व्याज, आर्किटेक्ट, वकील, विक्रीचा खर्च ४ कोटी. बेरीज ३४ कोटी.

उरले ६ कोटी. धोका आणि तीन-चार वर्षांचा काळ बघता बिल्डरला हे जेमतेम परवडतं.

आता एकच आकडा हलवू. सभेत आग्रह झाला आणि वाढ ३५ ऐवजी ५० टक्के ठरली. विक्रीला १४,६०० चौरस फूट उरले, जमा साडेछत्तीस कोटींवर आली, शिल्लक अडीच कोटी. वर्षभर उशीर झाला तर नुसतं भाडंच ८६ लाखांनी वाढतं आणि त्यावर व्याज वेगळं. असा प्रकल्प पाचव्या मजल्यावर अडकतो. टेंडरमध्ये एका बिल्डरने इतरांपेक्षा खूपच जास्त दिलं असेल तर आनंद होण्याआधी त्याच्याकडून हाच हिशेब लेखी मागवा. चढी ऑफर देऊन करार मिळवायचा आणि बांधकाम अर्ध्यात आलं की पुन्हा वाटाघाटीला बसायचं, हा प्रकार या धंद्यात नवा नाही.

विक्रीचा भाव २५,००० ऐवजी १८,००० असेल, तर जमा २९ कोटींच्याही खाली जाते आणि प्रकल्प पाच कोटींच्या तोट्यात जातो. मोडकळीला आलेल्या इमारती मुंबईभर आहेत, पण पुनर्विकासाचे पत्रे महागड्या भागांत आधी लागतात ते यामुळे.

पस्तीस टक्के, पण कशाचे?

टक्केवारीवर भांडण्याआधी मोजमाप ठरवून घ्या. जुन्या घराचं कार्पेट आतल्या भिंती वगळून मोजलेलं असतं. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात. म्हणजे जुन्या मापाचे ४०० आणि रेराचे ५४० यांतला फरक पूर्ण १४० चौरस फुटांचा नाही, त्यातली काही जागा भिंतींखाली जाते. कराराला नव्या घराचा मापं टाकलेला नकाशा जोडलेला असावा. नुसतं ‘५४० चौ. फू.’ लिहून भागत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा चाव्या घेतानाच कळते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ४०० चं घर ५४० झालं की ती माफी जाते. लिफ्ट, आगीसाठीचे पंप, यांत्रिक पार्किंग यांमुळे महिन्याची देखभालही जुन्या इमारतीच्या काही पट होते. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या सभासदाला दहा-वीस चौरस फुटांपेक्षा मोठ्या कॉर्पसचा उपयोग जास्त. ही अदलाबदल टेंडरच्या आधीच सभेत बोलायला हवी.

कागदांचा क्रम

पुनर्विकासात फसवणूक होते तिथे बहुधा कुठला कागद खोटा नसतो. कागद चुकीच्या क्रमाने केलेले असतात.

सगळ्यांत आधी जमीन सोसायटीच्या नावावर हवी. अनेक सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतरण, झालेलंच नसतं. मूळ बिल्डर दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे त्याच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासाठी, अर्ज करता येतो. मालमत्ता पत्रकावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळतं का, तेही पाहा. पन्नास चौरस मीटरची तफावत वरच्या हिशेबात कोटीच्या घरात जाते.

मग प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. त्याची निवड सोसायटीने करायची आणि त्याचं शुल्कही सोसायटीने द्यायचं. बिल्डरने ‘सुचवलेला’ सल्लागार घेतला की हिशेब तपासणारं कोणी उरत नाही. त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्या. वर मांडलेलं गणितच त्यात तुमच्या आकड्यांनिशी असतं.

त्यानंतर टेंडर आणि बिल्डरची निवड. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय इथे लागू होतो. त्यानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो आणि सभेचं चित्रीकरण होतं. बिल्डरने प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी द्यावी, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात बरेच बिल्डर त्याऐवजी विक्रीतले काही फ्लॅट तारण ठेवू पाहतात. ते मान्य करायचं झालं तर फ्लॅट नंबरासकट लिहून घ्या, कारण अर्धवट इमारतीतल्या फ्लॅटला पैसे येत नाहीत.

मग नोंदणीकृत विकसन करार. त्यानंतर नकाशे पालिकेकडे जातात आणि आयओडी मिळते. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘नामंजुरीची सूचना’ असा होतो, त्यामुळे पहिल्यांदा पाहणारे दचकतात. प्रत्यक्षात अटींसह दिलेली ती मंजुरीच असते. पण तिच्यावर बांधकाम सुरू करता येत नाही. त्यासाठी सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि तेही आधी जोत्यापर्यंतच मिळतं.

घर रिकामं करण्याची वेळ हा सगळ्यांत नाजूक टप्पा. आयओडी हातात, प्रत्येक सभासदाचा पर्यायी जागेचा वैयक्तिक करार नोंदलेला आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश किंवा हमी मिळालेली, या तीन गोष्टी झाल्याशिवाय चावी देऊ नका. चावी दिली की सोसायटीच्या हातातला जोर संपतो. वैयक्तिक करारावर मोठं मुद्रांक शुल्क लागेल या भीतीने काही जण तो टाळतात. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पुनर्विकासात मिळणाऱ्या घराच्या अशा करारावर शंभर रुपयांचं शुल्क पुरतं, सभासदाने पैसे देऊन विकत घेतलेल्या जास्तीच्या जागेवर मात्र नेहमीचं शुल्क लागतं.

शेवटचा कागद ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. त्याशिवाय राहायला गेलात तर पाण्याची जोडणी आणि कर दोन्हींचा त्रास होतो. करारात ‘ताबा’ हा शब्द असेल तर त्यापुढे ‘ओसीसह’ लिहून घ्या.

मनात येणारे प्रश्न

‘रेरा आहे ना, मग घाबरायचं कशाला?’ रेराची नोंदणी विक्रीच्या घरांसाठी असते. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम नव्या खरेदीदाराला आधार देतो. जुन्या सभासदाचं संरक्षण प्रामुख्याने त्याच्या करारात आहे. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ चा. आधी त्यांची घरं बांधायची होती, पण विक्रीचे हक्क दुसऱ्या बिल्डरांना विकले गेले आणि रहिवासी वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांत राहिले. त्यातून घ्यायचा धडा एका ओळीचा आहे: विक्रीच्या भागाला ओसी मिळण्याआधी सभासदांच्या भागाला मिळाली पाहिजे, हे कलम करारात असावं.

‘माझी संमती नाही, मग मला कसं बाहेर काढतील?’ निर्णय नियमाने झाला असेल तर तो सगळ्या सभासदांवर बंधनकारक असतो, अशी न्यायालयांची भूमिका आहे. विरोध करायचा तर सभेत, लेखी आणि वेळेवर करा. पाडकाम रोखून धरणाऱ्या सभासदाला कोर्टात सहसा यश येत नाही आणि भाड्याच्या घरात गेलेल्या बाकीच्यांचे महिने वाया जातात.

‘मग बिल्डर हवाच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. स्वयंपुनर्विकासाला राज्य सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये धोरण आणि सवलती दिल्या, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देते. वरच्या उदाहरणातले सहा कोटी मग सभासदांचे होतात. पण धोकाही त्यांचाच होतो. विक्रीची घरं वर्षभर पडून राहिली तर कर्जाचा हप्ता सोसायटीने भरायचा. रस्ता रुंद, भाव चांगला, घरं मोजकी आणि वेळ देणारे पाच-सहा सभासद असतील, तर हा मार्ग बिल्डरच्या ऑफरीपेक्षा सरस ठरतो. एवढं जमत नसेल तर नको.

हिशेब बसत नाही अशा इमारती

आपल्या उदाहरणातली तीच सोसायटी आठ मीटरच्या गल्लीत नेऊन ठेवू. एफएसआय १, फंजिबल धरून साधारण १३,२०० चौरस फूट कार्पेट. सभासदांना ३५ टक्के वाढ दिल्यावर विक्रीला उरतात जेमतेम अडीचशे चौरस फूट. बाजूला ठेवलेली घरटी १० चौरस मीटरची सवलत धरली तरी साडेतीन हजारांच्या आतच. एवढ्यात इमारत उभी राहत नाही. अशा सोसायटीत कोणी ‘पन्नास टक्के’ म्हणाला तर त्याला गणित येत नाही, किंवा तो ते सांगत नाही.

दक्षिण मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतींची अडचण याच जातीची आहे. लहान प्लॉटवर दाटीने भाडेकरू राहतात. नियमानुसार प्रत्येकाला किमान ३०० चौरस फूट द्यायचं म्हटलं की कणीक तिथेच संपते. म्हणून ३३(९) खाली समूह पुनर्विकासाची सोय झाली. शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर आणि उपनगरात ६,००० चौरस मीटर जागा एकत्र करायची आणि त्यावर ४ एफएसआय मिळवायचा. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे अडीचशे इमारतींचा असा प्रकल्प २००९ पासून सुरू आहे. इतक्या मालकांना आणि भाडेकरूंना एकत्र आणायला किती वर्षं लागतात, त्याचा अंदाज त्यावरून येतो. बीडीडी चाळींचं जमलं त्यामागे जमीन सरकारी होती, म्हाडासारखी एकच यंत्रणा होती आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावर विक्रीचा भाव मोठा होता. यांतलं काहीच गल्लीतल्या सोसायटीकडे नसतं.

तिच्यासाठी त्यातल्या त्यात चांगला उपाय म्हणजे शेजारच्या सोसायटीशी बोलणं. समोरचा प्लॉट रुंद रस्त्यावर आणि मागचा गल्लीत असेल, तर दोन्ही एकत्र केल्यावर संपूर्ण जागेचा विचार रुंद रस्त्याने होऊ शकतो. मग मागच्या प्लॉटला एकट्याने कधीच न मिळणारा एफएसआय मिळतो. समोरच्यांना मोठी जागा, सोयीचं पार्किंग आणि एकाच लिफ्ट-पंपांचा वाटून घेतलेला खर्च मिळतो. जास्तीच्या क्षेत्राची वाटणी कुठल्या प्रमाणात करायची, हे दोन्ही सोसायट्यांनी बिल्डरला बोलावण्याआधी लेखी ठरवावं. आणि हे जुळेपर्यंत संरचना तपासणी चुकवू नये. तीस वर्षांपुढच्या इमारतीची ती दर तीन वर्षांनी करायची असते. अहवालात ‘सी-१’ शेरा आला तर इमारत रिकामी करून पाडावीच लागते, तेव्हा वाटाघाटीला वेळ मिळत नाही. ‘सी-२’ असेल तर खांबांची दुरुस्ती करून घेऊन शेजाऱ्यांशी बोलायला काही वर्षं हाताशी राहतात.